आजार माझा, कार्ड मालकांचं

माझा आजार मला कळायच्या आधी तिघांना कळला होता. डॉक्टरांना, कंपाउंडरला आणि माझ्या मालकांना. आमच्या उमरग्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. तसंच इथे लिहिते, नाव घेत नाही.

माझी शाळा पाचवीत सुटली. त्यामुळे हे लिहायला मला पुष्कळ दिवस लागले, आणि लिहावं की नाही हे ठरवायला त्याहून जास्त. लिहून झालं तेव्हा आधी मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असू दे. फक्त कंपनीचं नाव टाकू नको." ते टाकलेलं नाही. दवाखान्याचंही टाकलेलं नाही. बाकी जे झालं ते झालं तसं लिहिते, कारण आमच्या चाळीत अजूनही बाया ओटीपोट धरून बसतात आणि विचारलं की म्हणतात, काही नाही, उष्णता आहे. मीसुद्धा हेच म्हणत होते.

बाकावर

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मला भोसरीला येऊन सात महिने झाले होते. लग्नाला तीन वर्षं, पण पहिली दोन मी गावाकडे सासूजवळ काढली आणि मालक इकडे पाच जणांत एक खोली करून राहिले. कॉटवर एक जण झोपायचा, तो शिफ्टला गेला की दुसरा. मग हिरामावशींच्या चाळीत खोली मिळाली आणि त्यांनी मला आणलं. मावशी भोसरीतल्याच जुन्या. जमीन कंपन्यांत गेली, दोन म्हशी राहिल्या, आणि गोठ्याला लागून सहा खोल्या काढल्या. आमची शेवटची.

दुखणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू झालं. लघवीला आग, अंगावरून जाणं, आणि ओटीपोटात कुणीतरी बोट रुतवून धरल्यासारखं. कुणाला सांगणार? आई दीडशे कोसांवर. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे हायेच गं. धन्याचं पानी पी, उतरंल." धन्याचं पाणी पिऊन पिऊन पोट फुगलं, दुखणं उतरलं नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मालकच दवाखान्यात घेऊन गेले.

कंपनीतल्या कामगारांचा दवाखाना होता तो. कार्ड मालकांचं. वर त्यांचा नंबर, त्यांचं नाव, आणि मागच्या बाजूला एका ओळीत मी: पत्नी, वय एकवीस. खिडकीतून नंबरच पुकारतात, मालकांचा. मी उठून आत गेले.

डॉक्टरांनी पडद्यामागे तपासलं. नर्स होती जवळ, पण मी डोळे मिटूनच घेतले होते. मला दोनच गोष्टी विचारल्या, पाळी कधी आली आणि मूल आहे का. मग हात धुताना म्हणाले, "मिस्टरांना आत पाठव."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. दार लागलं. समोरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचं चित्र होतं. आई, बाप, दोन लेकरं, चौघं हसतायत. मी ते बघत बसले. आत काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, फक्त डॉक्टरांचा आवाज एकदा चढला एवढं कळलं. मला वाटलं, मला कॅन्सर झाला. आमच्या गावात एका बाईला झाला होता, तेव्हाही तिच्या नवऱ्यालाच आत बोलावलं होतं म्हणे. हातातल्या चिठ्ठीची मी घडी घालत आणि उलगडत राहिले.

मालक बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मी विचारलं, काय म्हणाले? "पोटाला सूज हाय. उष्णतेनं. दहा दिवस गोळ्या घ्यायच्या." आणखी? "आणखी काय नाही." एवढा वेळ मग? "कंपनीचं विचारायले होते."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यामागून चालताना देवाचे आभार मानले. कॅन्सर नव्हता.

आज मी प्रत्येक बाईला सांगते, दार लावून घेतलं तर उठ आणि ठोठाव. पोट तुझं आहे. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी ठोठावलं असतं का, सांगता येत नाही. बहुतेक नसतंच.

भोंग्यावर घेतलेल्या गोळ्या

चाळीस कॅप्सूल होत्या, पिवळ्या-काळ्या, कागदी पुडीत. दिवसाला चार. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून मी कंपन्यांच्या भोंग्यावर घ्यायचे. सकाळी सातचा, अकराचा जेवणाचा, साडेतीनचा दुसऱ्या पाळीचा, आणि चौथी झोपताना. एकही चुकवली नाही.

सहाव्या दिवशी पुडी रिकामी.

मला वाटलं, कंपाउंडरने कमी दिल्या. मी पदर खोचून गेले खिडकीवर. माझ्या आयुष्यात मी कुणाशी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. त्याने शांतपणे रजिस्टर फिरवून दाखवलं. चाळीस, आणि पुढे मालकांची सही. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, मोजून दिल्यात. बाहेर दुकानात किती घातल्यास ते आठव."

मागची रांग हसली. तेव्हा तिथल्या गोळ्या बाहेर विकणारी माणसं होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मला चोर म्हटलं. मी तोंडाला पदर लावून घरी आले आणि मालक येईपर्यंत चूल पेटवली नाही.

त्यांना सांगितलं तर ते खाली बघत बसले. मग म्हणाले, "मीच घेतल्या त्या. डोकं दुखायलं होतं. ओव्हरटाइम चाललाय ना."

मला राग यायला हवा होता. मला हसू आलं. म्हटलं, अहो मग सांगायचं तरी, मी त्या माणसाशी भांडून आले. आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली. चार-चार तास ओव्हरटाइम करणारं माणूस, डोकं दुखतं तर बायकोच्या पुडीतली गोळी गुपचूप घेतं, स्वतःचं दुखणं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन, पुडी पाण्यात पडली असं सांगून, नवीन चाळीस घेऊन आले. आणि त्या दिवसापासून मीच त्यांना द्यायला लागले. सातची मला, अकराची डब्यात त्यांना. साडेतीनची मला, झोपतानाची त्यांना. घरात एक भाकरी असली तर मोडून अर्धी-अर्धी खातो, तशा आम्ही त्या गोळ्या खाल्ल्या.

अर्ध्या औषधाने आजार मरत नाही, नुसता दबून बसतो, हे मला माहीत नव्हतं. मालकांना किती माहीत होतं ते मी अजून विचारते आणि ते अजून नीट सांगत नाहीत.

आणखी एक लिहायचं आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटली. डॉक्टरांनी मालकांना सांगितलं होतं की दोघं बरी होईपर्यंत जवळ येऊ नका. चार-पाच दिवस ते लांब झोपले. मी समजले, माझ्यावर नाराज आहेत, मूल होत नाही म्हणून. मग ते जवळ आले तेव्हा मला बरंच वाटलं. दुखत होतं. इतकं दुखत होतं की मी उशीचं टोक दातात धरायचे. पण मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. लग्न झालं म्हणजे तो प्रश्न संपला असं मी धरून चालले होते, आणि माझ्या ओळखीतल्या सगळ्याच बाया तसंच धरून चालत होत्या.

मावशींचा टेम्पो

पुढच्या महिन्यात एका सकाळी मी पाण्याच्या हंड्यासकट नळावरच बसले. उठताच येईना. अंगात इतका ताप की मावशींनी कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. मालक पहिल्या पाळीला गेलेले. दवाखान्यातून सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलला न्या.

मावशी घाबरल्या. "पोरी, तितं जाऊ नगंस. पोट फाडत्यात आन् आतलं काम बी उरकून टाकत्यात. माज्या दिराला मागं धरून न्हेलाच हुता का न्हाई? तुला तर अजून एक बी लेकरू न्हाई."

सक्तीच्या नसबंदीची ती भीती त्या वर्षांत सगळ्यांच्या अंगात भिनलेली होती. माझ्याही. ऑपरेशन म्हटलं की माणसं तोंड लपवायची. मला दोन्ही बाजूंनी मरण दिसत होतं. खोलीत राहिले तर तापाने, तिथे गेले तर वांझ होऊन परत येईन, आणि मग सासू मला दारात उभी करेल का?

पण मला उभं राहता येत नव्हतं. मावशींनी मुलाचा भाजीचा टेम्पो काढायला लावला आणि स्वतः माझं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या. एवढी भीती होती त्यांना, तरी बसल्या. वाटेभर मला म्हणत होत्या, "मी दारातच हाय बग. कोन काय कराया आलं तर मी हाय." त्या दिवसभर खरंच वॉर्डाच्या दारात बसून राहिल्या. दोनदा शिपायाने हाकललं. म्हशींची धार काढायची राहिली त्यांची. हे उपकार मी कसे फेडणार, मला अजून कळत नाही.

गायकवाड सिस्टर

वॉर्डात पहाटे पाचला फरशी पुसायला यायचे. फिनेलच्या वासाने जाग यायची. मग चहा, थर्मामीटर, इंजेक्शन, मोठ्या बाईंची फेरी. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या लेडी डॉक्टर. दुपार रिकामी. चार ते सहा भेटायची वेळ. शेजारच्या कॉटवरची बाई बाळंतीण होती. तिचं बाळ रडलं की मी तोंड भिंतीकडे करायचे.

गोळ्या द्यायच्या गायकवाड सिस्टर. दापोडीच्या, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आवाज करडा. गोळी तळहातावर ठेवायच्या, पाण्याचा पेला द्यायच्या आणि पुढच्या कॉटकडे वळायच्या. पहिल्या दिवशी मी दोन घेतल्या आणि दोन उशीच्या अभ्र्यात सारल्या. दुसऱ्या दिवशीही. मालक चारला येतील, त्यांचं डोकं दुखत असेल, आता घरात पुडी नाही.

सगळ्यांसमोर त्यांच्या हातात देता आल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी चादर बदलताना चारही कॅप्सूल टपटप खाली पडल्या. सिस्टरनी उचलल्या.

"ताप उतरत नाही म्हणून मोठ्या बाईंनी रात्र जागून काढली. आणि तू इथे दुकान मांडलंस? कुणाला विकणार होतीस?"

मी म्हटलं, विकायला नाहीत हो. मालकांसाठी ठेवल्या. त्यांचं डोकं दुखतं. घरीपण आम्ही अशाच निम्म्या-निम्म्या घेतो.

त्यांनी कॅप्सूल मुठीत धरल्या. मग माझ्या कॉटच्या कडेवर बसल्या. सिस्टर कधी कॉटवर बसत नसत. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही डोकेदुखीची गोळी नाही गं. तुला काय झालंय हे तुला कुणी सांगितलंय का?"

"उष्णता."

"कुणी सांगितलं?"

"मालकांनी."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "थांब," म्हणाल्या, आणि मोठ्या बाईंना बोलवायला गेल्या. त्या परत येईपर्यंत मला पुन्हा तो बाक आठवला. पण या वेळी मला कुणी बाहेर पाठवलं नाही. त्यांनी कॉटभोवती पडदा ओढला, आणि पडद्याच्या आत मी होते.

नाव

मोठ्या बाईंनी माझ्या केसपेपरच्या पाठीवर पेनाने चित्र काढलं. मधे गर्भाची पिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आत काय असतं ते. म्हणाल्या, इथे पू झालाय, आणि आजाराला परमा म्हणतात, गुप्तरोग.

हा शब्द मी फक्त शिवीत ऐकला होता. मला वाटलं कॉट खाली जाते आहे. मी हात जोडले आणि म्हटलं, मालकांना माझ्याकडून झाला असेल का हो? त्यांना काही करू नका.

"तू कुणाकडे गेली होतीस?"

"कुणाकडे नाही."

"मग तुझ्याकडे तो कुठून येणार?"

त्यांनी घाई केली नाही. मग एकेक करून सांगितलं, आणि मध्ये मध्ये विचारत होत्या, कळलं का, पुन्हा सांगू का. आजवर मला कुणी असं विचारलेलं नव्हतं. म्हणाल्या, हा आजार बरा होतो, पण दोघांनी एका वेळी पुरं औषध घेतलं तरच. एकाने घेऊन चालत नाही, एकाचं दोघांनी घेऊन तर मुळीच नाही. तो बरा झाल्याशिवाय त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "नवरा आहे म्हणून तुला नाही म्हणता येत नाही, असं कुणी शिकवलं? शरीर तुझं आहे. आजारीपणी नाही म्हण, आणि बरी असताना नको वाटलं तरी नाही म्हण."

गायकवाड सिस्टर पडदा धरून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "रड आता. मग चारला तो येईल तेव्हा रडू नको."

चार ते सहा

मालक मोसंबी घेऊन आले. पिशवी कॉटखाली ठेवली. मी म्हटलं, मला परमा झालाय.

त्यांचा हात पिशवीवरच राहिला.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी होय म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोघांनी नाव लावून औषध घ्या. मग का नाही लावलं? तेव्हा हळूहळू बाहेर आलं. मला आणायच्या आधी, बोनसच्या दिवशी, खोलीतली पोरं पुण्याला गेली होती, हेही गेले. एकदाच. नंतर आग व्हायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलेलं चूर्ण घेतलं आणि बरं वाटलं. मला आणलं. दवाखान्यात नाव लावलं असतं तर रजिस्टरला चढलं असतं. तो कंपाउंडर त्यांच्या टाइमकीपरचा मेव्हणा. मालक टेम्पररी होते. दोनशे चाळीस दिवस पुरे झाले की माणूस पर्मनंट होण्याची आशा, आणि त्याआधी कंपनी काहीही निमित्त काढून ब्रेक देते, म्हणजे कामावरून काढते. म्हणून गोळ्या माझ्या नावावर आल्या आणि दोघांनी खाल्ल्या.

"बावीस दिवस राहिलेत गं," ते म्हणाले. "बावीस. तेवढे होऊ दे, मग मी सगळं करतो. तुझी शपथ."

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी हळूच बोलले, कारण बाळंतिणीचं बाळ झोपलं होतं.

"तुमच्या नोकरीला बावीस दिवस राहिलेत. मला किती राहिलेत ते तुम्ही विचारलं नाही. उद्या ताप उतरला नाही तर माझं पोट उघडणार आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, इथे घेतलेलं औषध कंपनीला कळवत नाहीत. रजा लागत नाही, म्हणून सर्टिफिकेट लागत नाही. तुमच्या स्वतःच्या नावाचा कागद काढा. तो बघितल्याशिवाय मी खोलीवर येणार नाही. मावशींच्या गोठ्यात झोपेन."

ते उठले. मोसंबीची पिशवी पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. आणि गेले.

ते गेल्यावर मी चादर तोंडावर ओढून घेतली. मी नवऱ्याला अट घातली होती. मला वाटलं, संपलं. आता हा गावी पत्र घालणार, आणि मला न्यायला कुणी येणार नाही.

सही

ताप उतरला नाही. सकाळी एक कारकून फॉर्म घेऊन आला आणि विचारलं, नवरा कुठे आहे, सही हवी. नवरा नव्हता. तो फॉर्म घेऊन परत चालला. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, त्याच्या हातातून कागद घेतला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, "नवऱ्याची घेतात ती रीत आहे. सही हिची लागते. सज्ञान आहे, शुद्धीवर आहे."

मग मला म्हणाल्या, "पू काढायचाय. एक नळी बहुतेक जाईल. पिशवी ठेवायचा मी प्रयत्न करीन, पण आत गेल्यावर काय दिसेल ते आत्ता सांगू शकत नाही. काढल्याशिवाय जीव वाचणार नाही अशी वेळ आली तर काढू का? हे मी त्याला नाही, तुला विचारते."

इतकी मोठी गोष्ट मला कुणी कधी विचारली नव्हती. शाळा सोडायची का, लग्न कुणाशी, भोसरीला कधी यायचं, यातलं एकही मला विचारून झालं नव्हतं. मी म्हटलं, "जीव जात असला तरच काढा. नाहीतर नका."

मग धीर करून ते दुसरंही विचारलं, जे मावशींनी डोक्यात घातलं होतं. मूल न होण्याचं काही करणार नाही ना? मला वाटलं बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भीती वाटणं बरोबर आहे, तसं घडलेलं आहे. आणि फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं की पेशंटची संमती नसल्याने नसबंदी केली जाणार नाही. ते वाक्य मला वाचायला लावलं. मी अक्षर लावत लावत वाचलं. खाली सही केली, पूर्ण नाव लिहून. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

मला नेलं तेव्हा दारात मावशी होत्या. मालक नव्हते. स्ट्रेचरवरून मी तीनदा मान वळवून बघितलं.

शुद्ध आली तेव्हा पोटावर पट्टा होता आणि गायकवाड सिस्टर ओठांना ओला कापूस लावत होत्या. मी बोलू शकत नव्हते, पण त्यांना कळलं मी काय विचारतेय. "पिशवी आहे," म्हणाल्या. "एक नळी गेली." मग थोडं थांबून, "आणि खाली पुरुषांच्या ओपीडीत एक माणूस सकाळी आठपासून रांगेत होता. त्याच्या कंबरेत मी स्वतः इंजेक्शन ठोकलंय. जरा जोरातच."

मालक संध्याकाळी आले. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. वर त्यांचं नाव होतं, खाली आजाराचं. त्या दिवशी त्यांचा खाडा पडला होता, आणि त्यांनी कंपनीला कारण कळवलं नव्हतं. मी तो कागद वाचला. ते म्हणाले, "सगळा वाचलास का?" मी म्हटलं, हो. मग ते भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांना गप्प केलं नाही. टाके ओढत होते, आणि मला गप्प करावंसं वाटलंही नाही.

खाड्यामुळे त्यांची नोकरी गेली नाही. पर्मनंट मात्र त्या वेळी केलं नाही, त्याला पुढचं वर्ष उजाडलं.

दीड महिन्यांनी

दोघांची पुन्हा तपासणी होऊन हिरवा कंदील मिळेपर्यंत मी मावशींच्या ओसरीवर झोपले. चाळीत कुजबुज झाली. मावशींनी नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तिचं पोट फाडलंय, तुमचं तोंड कशाला फाटतंय?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

तुम्ही विचाराल, मग मूल झालं का? अजून नाही. होईल असंही कुणी म्हणत नाही, होणार नाही असंही नाही. मी धडधाकट आहे. एका लहान कारखान्यात पॅकिंगला जाते. पाळीच्या तारखा लिहून ठेवते. कधी नको म्हणते, आणि ते ऐकतात. पहिल्या वेळी म्हटलं तेव्हा मी श्वास धरून पडले होते. मालक "बरं" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. इतकंच झालं. ज्याला मी आयुष्यभर भीत आले ते इतकंच होतं. सगळ्यांच्या घरी इतकंच होणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सांगते, आधी एखादी मावशी, एखादी सिस्टर गाठून ठेवा.

दीड महिन्यांनी मोठ्या बाईंनी तपासलं त्या दिवशी मालक माझ्याबरोबर आले होते. बाई म्हणाल्या, आजार गेला, दोघांचाही. पण उरलेली नळी कितपत चांगली आहे ते सांगता येत नाही, डाग तिच्यावरही आहेत. मूल होण्याची आशा आहे, भरवसा नाही. मग विचारलं, "नवऱ्याला आत बोलवू? की तू सांगशील?"

मी म्हटलं, मी सांगेन.

बाहेर मालक गेटजवळच्या कट्ट्यावर बसले होते. मला बघून उभे राहिले. तेवढी पंधरा-वीस पावलं मी सावकाश चालले. माझ्या मनात आलं, यांना एवढंच सांगावं, सगळं ठीक आहे. त्यांनी मला सांगितलं होतं तसं. ते विश्वास ठेवतील, हलके होऊन माझ्यामागून चालतील. पुढे मूल झालं नाही तर दर महिन्याला एकटीने कुढत बसायचं. सोपं होतं ते. आणि खरं सांगते, थोडा सूडही होता त्यात.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बसा. आजार गेलाय. एक नळी काढलीय ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीवर डाग आहेत. मूल होईल, कदाचित होणार नाही. बाईंनी मला सांगितलं ते एवढंच. त्यातलं मी काही ठेवून घेतलेलं नाही."